भिजत घोंगडं ठेवू नका

बाजरीच्या काढणीत असाल, चुलीपुढं असाल नाहीतर गोठ्यात असाल, जिथं असाल तिथं आमच्या बचत गटाचा तुम्हाला रामराम.

घटस्थापना आता आठ-दहा दिवसांवर आली. घरोघरी दसरा काढायची धांदल सुरू झाली असेल. भिंती सारवायच्या, भांडी उजळायची, वाकळा-गोधड्यांचे ढीग ओढ्यावर न्यायचे. त्या ढिगात तळाला एखादी घोंगडी असते, मुंबईच्या पाहुण्यांनी दिलेलं लोकरीचं ब्लँकेट असतं, पोरांचे स्वेटर असतात. आपण सगळं एकाच टपात टाकतो, एकच पावडर घालतो आणि एकाच दगडावर बडवतो. आज आम्ही एवढंच सांगायला आलो आहोत की लोकरीचं जे काही असेल ते आधी त्या ढिगातून बाजूला काढा. तिचं धुणं वेगळं असतं.

पण त्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर पोरांना खरूज झाली होती. गटाच्या बैठकीत आशाताईंनी नीट समजावलं होतं. मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, आणि अंगावरचे कपडे, चादरी गरम पाण्यातून काढायच्या. आम्ही १२ जणींनी ते ऐकलं आणि घरोघरी सांगत सुटलो. सांगताना मात्र आमच्या तोंडात शब्द आला ‘सगळं’. “सगळं उकळून काढा, काही म्हणून ठेवू नका.” सुती काय आणि लोकरीचं काय, हा फरक आम्ही केला नाही. कारण तो आम्हालाच माहीत नव्हता.

आमच्या गटात एक सून आहे. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिच्या दिराच्या पोराला खरूज झाली होती आणि ते पोर आजोबांच्या घोंगडीवर झोपायचं. या पोरीनं आमचं ऐकलं. हंडाभर पाणी उकळलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला, घोंगडी बुडवली आणि दगडावर घेऊन चांगली बडवली. मनापासून काम केलं तिनं. दुपारी घोंगडी वाळली आणि उलगडून बघते तर काय, अख्ख्या खाटेला पुरणारी घोंगडी पाळण्यात मावेल एवढी झाली होती. जाड, ताठ, पुठ्ठ्यासारखी.

ती घोंगडी तिच्या सासऱ्यांची होती. त्यांची मेंढरं होती. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन बाहेर पडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. घरच्याच मेंढरांची लोकर, तिचं सूत आक्कांनी, म्हणजे या सुनेच्या सासूबाईंनी, स्वतः चरख्यावर काढलेलं आणि सनगराच्या मागावर विणून घेतलेलं. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची म्हणून घरात एवढी एकच वस्तू राहिली होती.

आक्का भांडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, “शिकलेली सून आणली आन् मालकाची घोंगडी गेली.” हे वाक्य वस्तीभर फिरलं. सूनबाई गटाच्या बैठकीला यायची बंद झाली. तिच्या बचतीचे पैसे जावेच्या हातून यायचे. एकदा पाणवठ्यावर ती आमच्यातल्या एकीला म्हणाली, “ताई, मी तुमचंच ऐकलं होतं.” आणि आम्ही? आम्ही गप्प बसलो. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन आठवडे काढले. भिजत घोंगडं म्हणतात ना, तेच झालं.

शेवटी आम्ही पाच जणी त्यांच्या अंगणात गेलो. आक्कांनी दुसरी घोंगडी अंथरली. त्यावर बसून आम्ही सांगितलं, “आक्का, चूक सुनेची नाही. उकळायला आम्ही सांगितलं होतं.” आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, “तुमाला कुणी सांगितलं हुतं?” आम्ही म्हटलं, “लोकरीचं कुणीच नाही.” तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मीच सांगाया पायजे हुतं. मला वाटलं, धुणं काय शिकवायचं असतंय?”

मैत्रिणींनो, सगळं इथंच आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं की हे काय सांगायचं. ज्यांना माहीत नाही त्यांना विचारायची लाज वाटते. मधल्या मधे घोंगडी जाते आणि बोल सुनेला लागतो. त्या दिवशी आम्ही आक्कांकडून शिकलो, मग त्यांना घेऊन शेजारच्या गावच्या सनगरमामांकडं गेलो, आणि काही गोष्टी पुस्तकातून वाचून घेतल्या. ते सगळं आता एकेक करून सांगतो.

आधी लोकर आटते का, ते बघू. लोकर म्हणजे मेंढीचे केस. त्या प्रत्येक केसावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे, आणि सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला. लहानपणी आपण गव्हाची ओंबी बाहीत सरकवायचो, आठवतं? हात हलवला की ती वरवर चढत जायची, पण खाली काही यायची नाही. तिची कुसळं तिला मागं सरकू देत नाहीत. लोकरीचं तसंच आहे. गरम पाण्यात आणि सोड्यात केस फुगतो, खवले उघडतात. त्यात आपण घासलं, बडवलं की एक केस दुसऱ्यात सरकतो आणि तिथंच अडकून बसतो. परत मागं येत नाही. म्हणून आटलेली घोंगडी कितीही ताणली तरी पहिल्यासारखी होत नाही.

धनगरवाड्यात जेन असतं बघा, न विणलेलं जाड अंथरूण. ते याच गुणावर तयार करतात. लोकर पसरायची, ओली करायची, दाबून दाबून लाटायची, की तिचा घट्ट थर बनतो. सनगरमामा हसून म्हणाले, “तुमच्या सुनेनं घोंगडीचं जेन केलं. काम येतंय तिला, फक्त चुकीच्या वस्तूवर केलं.”

सोड्याचा दुसरा अपराध म्हणजे तो लोकर खातो. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात लोकर चक्क विरघळून जाते. ब्लीचिंग पावडरही तिला जाळते आणि पिवळी करते. बाजारात रक्ताचे, अंड्याचे डाग ‘खाणाऱ्या’ पावडरी मिळतात, त्याही लोकरीला लावू नका. लोकर त्याच जातीची असल्यामुळं डागाबरोबर तीही झिजते.

आता आपल्या घरात खरी लोकर कोणती, हे कसं ओळखायचं? आठवडी बाजारातले बरेचसे स्वेटर लोकरीचे नसतात, ॲक्रिलिक म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या धाग्याचे असतात. शिवणीच्या आतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि चुलीपासून, लेकरांपासून लांब, काडीनं पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरली गेली तर ती लोकर. धागा वितळून टणक मणी झाला तर ते ॲक्रिलिक. दोन्हीची मिसळही असते. त्यात लोकरीचा अंश असला तरी ते लोकरीसारखंच सांभाळा. ॲक्रिलिक साध्या पावडरीत धुतलं तरी चालतं, फक्त पाणी थंड असू द्या.

याच परीक्षेतून अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. चुलीची ठिणगी लोकरीवर पडली तर बारीक भोक पडतं, सहसा भडका होत नाही. ॲक्रिलिकवर पडली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून पोरांना ॲक्रिलिकचा स्वेटर घालून चुलीला खेटून बसू देऊ नका, आणि आपणही असं बसून फुंकणी मारू नका.

आता धुण्याकडं येऊ. पहिला नियम असा की लोकर जितकी कमी धुवाल तितकी जास्त टिकते. हे ऐकून माणदेशातल्या बाईला बरंच वाटेल. टँकरची वाट बघणाऱ्या गावात घोंगडी धुवायला पाणी आणायचं कुठून? आक्का सांगतात, रोजच्या वापरातली घोंगडी वर्षातून एकदा धुतली तरी पुरे. मधल्या काळात तिला झटका आणि वारा द्या. दोघींनी चार कोपरे धरून झटकायची, मग बाजेवर पसरून हलक्या काठीनं थोपटायची. कोरडी असताना थोपटलं तर काही होत नाही, ओली असताना मात्र काठी लावायची नाही. झाडूच्या मऊ शेंड्यानं दोन्ही बाजू झाडायच्या आणि संध्याकाळच्या वाऱ्यावर तासभर ठेवायची. घामाचा, धुराचा वास बराच जातो.

चिखल लागला तर ओला असताना पुसू नका, पसरतो. वाळू द्या, मग चुरून झटका. तेल-तूप सांडलं तर अंगाला लावायची पावडर वर टाका, रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. लेकरानं मुतलं तर अख्खी घोंगडी बुडवायची गरज नाही. तेवढाच भाग खाली परात धरून थंड पाण्यानं दोन-तीनदा भिजवा, दाबून पाणी काढा आणि वाऱ्यावर टाका. पण हे लगेच करा. मूत वाळून राहिलं की वास बसतो आणि तिथंच पुढं कीड लागते.

वर्षाचं धुणं कधी काढायचं? पाऊस उघडलाय, वारा आहे, दोन दिवस आभाळ येणार नाही असं दिसतंय, तेव्हा. आणि सकाळी लवकर. दुपारी भिजवलेली घोंगडी रात्री ओली राहते आणि तिला कुबट वास लागतो.

धुवायला सगळ्यात चांगला रिठा. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो लोकरीत अडकून बसतो. रिठ्याचा तसा चोथा होत नाही. एका घोंगडीला साधारण १०० ग्रॅम रिठ्याची साल घ्या, बिया काढून टाका. २ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी हातानं कुस्करा, फेस येईल. ते पाणी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या, नाहीतर सालीचे तुकडे लोकरीत अडकतात. रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. आणि ते ओढ्यात, तळ्यात ओतू नका. रिठ्यानं मासे मरतात. लांब झाडाच्या आळ्यात टाका.

रिठा नसेल तर केसांना लावायचा साधा शाम्पू चालतो. एका स्वेटरला अर्ध्या बादलीत एक झाकण, घोंगडीला टपभर पाण्यात चार-पाच झाकणं. लोकर म्हणजे केसच, मग केसांचं औषध तिला चालणारच.

रंगीत काठाची घोंगडी किंवा रंगीत स्वेटर असेल तर आधी एक कोपरा ओला करून त्यावर पांढरं फडकं दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर ते वेगळं धुवा. काळ्या मेंढीच्या लोकरीची काळी घोंगडी असेल तर काळजी नाही. तो रंग मेंढीचा स्वतःचा आहे, तो जात नाही.

आता टप किंवा अर्धं कापलेलं पिंप घ्या. त्यात थंड पाणी. लक्षात ठेवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाणी एकाच तापमानाचं. पहिलं कोमट आणि पुढचं गार असं केलं तरी लोकर दचकते आणि आखडते. बाहेर ठेवलेलं उन्हानं तापलेलं पाणीही नको. पाण्यात रिठ्याचं पाणी मिसळा, झटकलेली घोंगडी घडी घालून अलगद बुडवा आणि १५ ते २० मिनिटं राहू द्या. अर्ध्या तासाच्या वर नको. भिजत घोंगडं ठेवू नका, असं आम्ही म्हणतो ते इथं अगदी शब्दशः खरं आहे.

मग तळहातानं दाबायचं आणि सोडायचं, दाबायचं आणि सोडायचं. कणीक मळल्यासारखं नाही, लोण्याचा गोळा पाण्यात धुतात तसं. घासायचं नाही, आपटायचं नाही, ब्रश लावायचा नाही, पायानं तुडवायचं नाही. मळ आपोआप खाली उतरतो. पाणी किती काळं झालं ते बघूनच कळेल.

पाणी बदलताना घोंगडी एका टोकाला धरून ओढून काढू नका. कोरडी दोन-तीन किलोची घोंगडी ओली झाली की एकीला उचलत नाही, आणि तिच्याच वजनानं ताणली जाते. दोघी जणी दोन्ही बाजूंनी खालून हात घालून, तान्ह्या लेकराला उचलतो तशी उचला. अशी दोनदा, फार तर तीनदा, साध्या पाण्यातून काढा. शेवटच्या पाण्यात दोन लिंबं पिळा किंवा अर्धी वाटी व्हिनेगर टाका. आंबटपणानं राहिलेला साबण निघतो, खवले बसतात आणि लोकर मऊ राहते.

पाणी वाचवायची युक्तीही सांगतो. दोन-तीन घरांच्या घोंगड्या एकाच दिवशी धुवा. पहिल्या घोंगडीचं शेवटचं स्वच्छ पाणी दुसरीच्या भिजवणीला वापरा. गेल्या खेपेला आम्ही तीन घोंगड्या अशा धुतल्या आणि टपभर-टपभर पाणी वाचलं.

नवीन घोंगडी घेतली असेल तर तिची गोष्ट थोडी निराळी. विणताना ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून ती ताठ असते आणि टोचते. तिला नुसत्या थंड पाण्यात भिजवून, दाबून, दोन-तीनदा पाणी बदला. खळ निघते आणि घोंगडी अंगाला मऊ लागते. तिथंही गरम पाण्याचा मोह नको.

आता वाळवणं. बऱ्याच जणींची घोंगडी धुण्यात वाचते आणि वाळवण्यात बिघडते. पिळायचं नाही. उतरत्या दगडावर किंवा उलट्या घमेल्यावर घडी ठेवून पाणी निथळू द्या, वरून हातानं दाबा. मग जुनं सुती लुगडं किंवा धोतर पसरून त्यावर घोंगडी ठेवा, दोन्ही मिळून गुंडाळी करा आणि गुंडाळीवर दाब द्या. सुती कापड पाणी ओढून घेतं. स्वेटरलाही हेच करा, टॉवेलात गुंडाळून.

दोरीवर टांगू नका. एका काठानं टांगलेली घोंगडी लांबते, स्वेटरच्या बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. बाज सावलीत घ्या, वारा लागेल अशी, आणि तिच्यावर पसरा. खालूनही वारा लागतो. हातानं कोपरे सरळ करून घ्या, जसा आकार द्याल तसा राहतो. दोन-तीन तासांनी उलटवा. भर उन्हात वाळवली तर वरून कडक होते आणि आतून ओली राहते.

आणि एक फसवी गोष्ट. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा ओलावा पोटात ठेवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून तर मेंढपाळ भुरभुर पावसात घोंगडीची खोळ घेऊन दिवसभर हिंडतो. पण याच गुणामुळं आपण फसतो. हाताला कोरडी लागली म्हणून लगेच पेटीत टाकली की आत बुरशी धरते. हाताला कोरडी लागल्यावरही अजून एक दिवस वाऱ्यावर राहू द्या.

आता साठवण. लोकरीचा मोठा शत्रू म्हणजे कसर. उडणारं छोटं फिकट पाखरू आपण बघतो आणि मारतो, पण ते पाखरू लोकर खात नाही. ते घडीत अंडी घालतं, आणि अंड्यातून निघालेली बारीक अळी लोकर खाते. तिला अंधार आवडतो, न हलणारी घडी आवडते आणि घामाचा, अन्नाचा डाग तर फारच आवडतो. म्हणून मळकी घोंगडी उन्हाळ्याला पेटीत टाकणं म्हणजे कसरीला ताट वाढून देणं.

यावर उपाय तीन. एक, ठेवायची ती स्वच्छ आणि खडखडीत वाळलेलीच ठेवायची. दोन, जुन्या सुती लुगड्यात किंवा उशीच्या अभ्र्यात घट्ट बांधायची, तोंड नीट शिवायचं किंवा गाठ मारायची. प्लास्टिकच्या पिशवीत दम धरतो. तीन, महिन्यातून एकदा उघडायची, झटकायची आणि कोवळ्या उन्हात तासभर ठेवायची, घड्या बदलून. धुतल्यावर सावली आणि साठवताना ऊन, एवढं ध्यानात ठेवा. घड्यांच्या कडा, शिवणी झाडायला विसरू नका, अंडी तिथंच असतात.

कडुनिंबाचा पाला आपण ठेवतो. ठेवा, पण पूर्ण वाळलेला, आणि दोन महिन्यांनी बदला. पाल्यानं अळी मरत नाही, फार तर पाखरू लांब राहतं. पाला ठेवला म्हणून झटकायचं सोडू नका.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र जपून. त्या विषारी असतात, आणि पांढऱ्याशुभ्र दिसतात म्हणून लेकरं पेपरमिंट समजून तोंडात घालतात. वापरायच्याच असतील तर फडक्यात बांधून, लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत त्या कधीच ठेवू नका. काही बाळांना त्या वासानंही रक्ताची कावीळ होऊ शकते. मोठ्यांचं पांघरूणही गोळ्यांतून काढल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवा, मगच अंगावर घ्या.

बारीक भोक पडलंच तर ते वाढायच्या आत त्याच रंगाच्या लोकरीच्या धाग्यानं रफू करा. आज हातमागाची घोंगडी हजारांच्या घरात गेली आहे आणि विणणारे हात कमी झाले आहेत. एक टाका वेळेवर घातला तर घोंगडी अजून काही वर्षं जाते.

शेवटी, ज्या गोष्टीनं आमची फजिती झाली तिचं उत्तर. घरात खरूज असेल तर सुती कपडे, चादरी गरम पाण्यातून काढा, आशाताईंचं ते सांगणं बरोबरच आहे. घोंगडी, स्वेटर, लोकरीचं ब्लँकेट मात्र उकळायचं नाही. ते कोरडंच प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि ७ दिवस कुणाच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगावेगळा झाला की सहसा दोन-तीन दिवसांत मरतो. ७ दिवसांनी काढा, झटका आणि वापरा. एवढंच करायचं होतं. पाणी नको, सोडा नको. प्लास्टिक फक्त या ७ दिवसांपुरतं, कायमच्या साठवणीला नाही.

हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर आक्कांच्या मालकांची घोंगडी आज खाटेवर असती. ती काही परत आली नाही. पण आक्कांनी तिला टाकलंही नाही. यंदा श्रावणात त्यांच्या सुनेला मुलगी झाली. ती जाड झालेली घोंगडी आता पाळण्यात, दुपट्याखाली घातलेली आहे. वाऱ्याची थंडी खालून लागत नाही. आक्का म्हणतात, “आज्यानं नातीला जागा करून दिली.” सूनबाई बाळंतपणातून उठली की बैठकीला येणार आहे. मागच्या महिन्यात तिच्या बचतीचे पैसे घेऊन आक्का स्वतः आल्या आणि तिच्या जागेवर बसल्या.

मैत्रिणींनो, या दसऱ्याला आपल्या घरात, शेजारी जी कुणी जुनी जाणती बाई असेल तिला आधी विचारा, मगच घोंगडी पाण्यात घाला. आणि ज्यांना माहीत आहे त्या सासवांना आमची विनंती आहे. सुनेला येत असेल असं धरून चालू नका, शेजारी बसून दाखवा. आम्हीही एक शिकलो. जे सांगायला निघालो ते अर्धवट सांगितलं आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात जायचं. तीन आठवडे थांबायचं नाही.

रात्री रिठे भिजत घाला, घोंगडी मात्र सकाळीच भिजवा.